‘ना धड इंजिनिअर, ना धड शेतीतज्ज्ञ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, मी मांडलेल्या नव्या अभ्यासक्रमावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कृषी अभियांत्रिकीला ‘बायोसिस्टिम्स’ (अभियांत्रिकीला जीवशास्त्राची जोड) म्हटल्याने ॲडमिशन तेवढी वाढतील, पोरं मात्र ना धड इंजिनिअर होतील ना धड शेतीतज्ज्ञ, आणि युरोपातला अभ्यासक्रम कोकणात काय कामाचा, असं तुमचं म्हणणं.

नावावरून भांडत नाही. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या १९०७ सालच्या संस्थेनेही २००५ मध्ये नावात ‘बायॉलॉजिकल’ घातलं. त्यात विद्यार्थी खेचायचा विचार नव्हताच, असं छातीठोक कोण सांगणार?

पण युरोपचं म्हणाल तर तुमची धास्ती त्यांनाही होती. तिथल्या विद्यापीठांच्या ‘यूएसएईई’ या जाळ्याने अभ्यासक्रमाचा गाभा ठरवताना गणित, भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्र हा पाया भक्कम ठेवला, कारण पदवी ‘फेआनी’ या अभियंता महासंघाच्या निकषांत बसायला हवी होती. जीवशास्त्र आलं ते या पायाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

जोडीला तरी कशाला, हे विचारलंत. माझीच फजिती सांगतो. नोकरीतल्या पहिल्या उन्हाळ्यात देवगडजवळ एका बागायतदाराला शीतखोली करून दिली. भिंतीतून येणारी उष्णता, दाराची उघडझाप, कॉम्प्रेसर, सगळा हिशोब चोख. जितकं गार तितकं टिकेल म्हणून तापमान ठेवलं ८ अंश. दोनेक आठवड्यांनी पेटी उघडली तर सालीवर करडे डाग, बारीक खड्डे. आढीत घातला तरी आंबा रंग धरीना, चव पाणचट. बागायतदार एवढंच म्हणाला, “अरे, आंबो जितो आसा. बांगडो नाय तो बर्फात घालूक!”

हापूसला साधारण १२-१३ अंशांखाली थंडी बाधते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उतरवलेलं फळ श्वास घेतं आणि उष्णता सोडतं, तीही मी भारात, म्हणजे खोलीतून काढायच्या एकूण उष्णतेत, धरली नव्हती; मधल्या पेट्या कडेच्यांपेक्षा कोमट लागत होत्या. यात इंजिनिअरिंग कमी पडलं नव्हतं, काका. माल काय आहे तेच ठाऊक नव्हतं. म्हणून अभ्यासक्रमाच्या माझ्या यादीत ‘वनस्पतीशास्त्र, ३ श्रेयांक’ असं नाही; ‘नाशवंत मालाच्या खोलीचा भार श्वसनासकट काढता येणं’ असं आहे. पेपरात नव्हे, भरलेल्या खोलीत उभं राहून.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला पकडलंत. नवे विषय बसवायला मी सर्वेक्षणाचे तास कापले होते. खारभूमीच्या बांधाची उघाडी (पाणी बाहेर सोडायचं दार) चार बोटं वर बसली तर ओहोटीलाही शेतातलं पाणी पुरतं निघत नाही आणि भात खाऱ्यात उभं राहतं. तिथे डम्पी लेव्हल (जमिनीची उंचसखल पातळी मोजायची दुर्बीण) लावता येणारा माणूसच लागतो. ते तास परत घातलेत. त्यासाठी संगणकाचा एक विषय काढला, त्यावरून आता दुसरे कुणीतरी ओरडतील.

जांभ्यातल्या शेततळ्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते जरा सविस्तर कळवाल का? अस्तर कुठे फाटलं, तळाला की काठाला?