भांडणाआधीचा कायदा, भांडणानंतरचा कायदा

1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्याबरोबर फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला, आणि तेव्हापासून वसाहतवादी कायद्यांतून झालेली मुक्ती हा विषय मराठी चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. एक बाजू म्हणते की इंग्रजांची न्यायव्यवस्था अखेर स्वदेशी होत आहे. दुसरी म्हणते की कलमांचे क्रमांक तेवढे हलले, मजकूर बराचसा तोच राहिला. म्युनिकमध्ये राहून हा वाद वाचताना मला वाटते की दोघांचेही लक्ष संहिता कोणी लिहिली यावर खिळलेले आहे. कायद्याचे काम प्रत्यक्षात कोण करतो आणि केव्हा करतो, याकडे दोघांनीही पाठ फिरवली आहे.

युरोप खंडातली रोमन कायद्यातून वाढलेली परंपरा संहितेवर चालते आणि इंग्लंडमधली कॉमन लॉची परंपरा न्यायालयांच्या निवाड्यांवर चालते, असे आपल्याकडे शिकवले जाते. भारताच्या बाबतीत ही विभागणी फारशी उपयोगाची नाही. इंग्रजांनी आपल्याला 1860मध्ये दंड संहिता दिली, 1872मध्ये कराराचा कायदा दिला, 1882मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा दिला. खुद्द इंग्लंडला मात्र आजतागायत दंड संहिता नाही. उलट 1 जानेवारी 1900पासून लागू असलेली जर्मन नागरी संहिता घ्या: तिच्या कित्येक कलमांचा आजचा अर्थ न्यायालयांनी घडवला आहे आणि इथले वकील निवाड्यांचे दाखले आपल्या वकिलांइतक्याच उत्साहाने देतात. खरा फरक मला कायद्याच्या पुस्तकात दिसला नाही, घर घेताना दिसला.

जर्मनीत स्थावर मालमत्तेच्या खरेदीचा करार नोटारसमोर झाला नाही तर तो करारच ठरत नाही. हा नोटार म्हणजे आपल्या कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे. तो पूर्ण शिकलेला कायदेतज्ज्ञ असतो, राज्याने नेमलेला असतो, त्याची फी कायद्याने ठरलेली असते, आणि तो ना विकणाऱ्याचा असतो ना घेणाऱ्याचा. कराराचा मसुदा आम्हाला आधीच पाठवलेला होता, तरीही ठरलेल्या दिवशी त्याने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचला, कारण तसे वाचणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पत्नीचे जर्मन कच्चे असल्याने दुभाषी बसवला होता. प्रत्येक परिच्छेदानंतर नोटार थांबे. शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क भूनोंदवहीच्या दुसऱ्या भागात नोंदलेला होता, त्याचा अर्थ त्याने आम्हाला समजावला. पुढे पैसे मिळण्याआधी मालकी हातची जाऊ नये म्हणून कोणती तरतूद केली आहे, हे त्याने विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांनाही तितक्याच शांतपणे सांगितले. आमचा खरेदीचा हक्क नोंदवहीत आधी राखून ठेवला गेला, मग नोटारचे पत्र आले, आणि त्यानंतरच पैसे द्यायचे होते.

ही नोंदवही महसूल खात्याकडे नसते, स्थानिक न्यायालयाकडे असते. जो तिच्यावर प्रामाणिकपणे विसंबून व्यवहार करतो, त्याला नोंद चुकीची निघाली तरी कायदा संरक्षण देतो. साऱ्या व्यवस्थेचा भार या एका नियमावर आहे.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. 1908च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नोंदवत नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद खरी मानावी, पण उलट सिद्ध होईपर्यंतच, असे 1966चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम सांगतो, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही हे न्यायालये किती वेळा सांगून थकली याची गणती नाही. म्हणून पुण्यात फ्लॅट किंवा मुळशीत गुंठाभर जमीन घेणारा माणूस वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, चौदा दिवस वाट पाहतो आणि मग देवाचे नाव घेऊन सही करतो. मुंबई-पुण्यात तो सहा-सात टक्क्यांच्या घरात मुद्रांक शुल्क भरतो, पण एवढे घेऊनही सरकार त्याला विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. बव्हेरियात खरेदीवरचा कर साडेतीन टक्के आहे, आणि नोटार व नोंदणी धरून त्यावर आणखी दोनेक टक्के खर्च येतो. एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत: सातबारा कोणीही घरबसल्या पाहू शकतो, तर जर्मन नोंदवही पाहण्यासाठी तुमचा काही वैध संबंध असल्याचे दाखवावे लागते.

माझा मुद्दा इतकाच आहे की युरोपीय परंपरेने आपली ताकद भांडण होण्याआधीच्या टप्प्यात ओतली आणि इंग्रजी परंपरेने भांडण झाल्यानंतरच्या. वकिलांच्या दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतील, उलटतपासणीतून सत्य बाहेर येईल आणि न्यायाधीश पंचासारखा निकाल देईल, या कल्पनेत सौंदर्य आहे, पण ती परवडायला न्यायाधीश पुरेसे लागतात. विधी आयोगाने 1987मध्ये दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीशांची शिफारस केली होती. आज मंजूर पदे धरूनही आपण त्याच्या निम्म्यावर पोहोचलेलो नाही आणि प्रलंबित खटले पाच कोटींच्या वर आहेत. आठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या जर्मनीत वीस हजारांहून अधिक न्यायाधीश आहेत. इथला दिवाणी न्यायाधीश कागद वाचून येतो, प्रश्न स्वतः विचारतो, तज्ज्ञ स्वतः नेमतो आणि सुनावणीच्या सुरुवातीलाच तडजोड सुचवतो. हरणाऱ्याला प्रतिपक्षाच्या वकिलाचा कायद्याने ठरलेला खर्चही द्यावा लागत असल्यामुळे निव्वळ वेळ काढण्यासाठी दावा लांबवणे महागात पडते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नये, असे लिहिलेले आहेच. त्याचे काय होते हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाटपाच्या दाव्यातल्या पक्षकाराला विचारावे.

गंमत अशी की ही युरोपीय परंपरा आपल्याला परकी नाही, ती पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे नांदते आहे. गोव्यात 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून जिवंत आहे, पोर्तुगालने स्वतः ती 1967मध्ये बदलली तरी. समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचे नाव हमखास निघते, 2024मध्ये उत्तराखंडने आपला कायदा केला तेव्हाही निघाले, पण चर्चा विवाह, घटस्फोट आणि बहुपत्नीत्व यांच्यापुढे जात नाही. महाराष्ट्रातल्या बांद्याच्या हिंदू गृहस्थाला आपली सगळी स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. गोव्यातल्या पेडण्याच्या गृहस्थाला, मुले असतील तर, फक्त अर्ध्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. जर्मनीतही जवळच्या वारसाला पूर्ण बाहेर ठेवता येत नाही, त्याला वैधानिक हिश्श्याच्या निम्मी रक्कम मागता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रक्रियेची आहे. 2012च्या गोवा वारसा कायद्याने विशेष नोटरी (मृत्युपत्रे व वारसाहक्काचे दस्त करणारा अधिकारी) आणि इन्व्हेंटरी या दोन जुन्या पद्धती नव्या स्वरूपात राखल्या आहेत. इन्व्हेंटरीत कुटुंबप्रमुख सगळ्या मालमत्तेची यादी न्यायालयासमोर ठेवतो, तिचे मूल्यांकन होते, वारस आपापसांत बोली लावतात, आणि जास्त बोलीने घर घेणारा भाऊ बहिणीला तिच्या हिश्श्याचे पैसे देतो. गोव्यातही हे दावे रेंगाळतात, हे खरे. तरीही कोकणातल्या सामाईक घरांच्या पडक्या भिंती पाहिल्या की ही पद्धत आपल्या चर्चेत का येत नाही, याचे नवल वाटते.

याचा अर्थ जर्मन परंपरा श्रेष्ठ आणि आपली टाकाऊ, असा कोणी घेऊ नये. सरकारविरुद्ध उभे राहायचे असेल तर मी भारतीय न्यायालय निवडेन. जर्मनीत घटनात्मक तक्रार विनाशुल्क आणि वकिलाशिवाय करता येते, पण तुमचा स्वतःचा हक्क दुखावला गेलेला असावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने जनहित याचिका करण्याची भारतातली मोकळीक इथे नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध संसदेने 2013मध्ये कायदा केला, पण त्याआधीची सोळा वर्षे सर्वोच्च न्यायालयाच्या 1997च्या विशाखा निवाड्यातले नियमच कायदा होते. असे धाडस जर्मन न्यायाधीश सहसा करणार नाही, आणि केले तर त्याचे सहकारी भुवया उंचावतील. आणि 1973च्या केशवानंद भारती खटल्यात घटनादुरुस्तीनेही मोडता येत नाही अशा राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचे जे तत्त्व आले, त्याआधी हायडेलबर्गचे डीट्रिख कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिले होते, न्या. खन्ना यांच्या निकालपत्रात त्यांचा उल्लेख आहे. परंपरा एकमेकींकडून घेतच आलेल्या आहेत.

तेव्हा घ्यायचे असेल तर नोंदवहीची हमी घ्यावी. नीती आयोगाने 2020मध्ये निर्णायक मालकीहक्काच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांसमोर ठेवला होता, पण त्यावर दंड संहितेच्या नावावर झाला तेवढा वाद कधी झाला नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हमी द्यायची तर आधी प्रत्येक गटाची मोजणी करावी लागते, प्रत्येक तुकड्याचे वारस शोधावे लागतात, आणि नोंद चुकली तर भरपाई शासनाला द्यावी लागते. सातबाऱ्यावरचे नाव चुकले तर आज नुकसान घेणाऱ्याचे होते. उद्या ते तिजोरीचे होईल, आणि ही जबाबदारी उचलायला कोणतेही महसूल खाते आपणहून पुढे येणार नाही.