बजेट किती?

‘या क्षेत्रातल्या लोकांशी बोला,’ एवढं सांगून आमचे सर दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला निघून गेले. नाट्यशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एका विशीतल्या वर्गमित्राला प्रॉस्थेटिक मेकअपने, म्हणजे चेहऱ्यावर नकली कातडीचे तुकडे चिकटवून, ऐंशीचा म्हातारा करायचं मी कबूल करून बसलो होतो. क्षेत्रातले लोक मुंबईत, मी बडोद्यात, दांडिया बाजारात. आमच्या गल्लीत नवरीचा मेकअप करणाऱ्या ताई आहेत, पण त्यांची हयात सुरकुत्या झाकण्यात गेलेली. मला सुरकुत्या आणायच्यात म्हटल्यावर त्यांनी मला आधी बसवलं आणि पाणी दिलं.

मग मुंबईला मेसेज सुरू केले. पहिला मेसेज म्हणजे निबंधच होता. मी कोण, रंगभूमीची ओढ कधीपासून, बालनाट्यात मी कोणतं झाड झालो होतो, आणि शेवटी ‘कृपया मार्गदर्शन करावे’. एका साहेबांनी अंगठा पाठवला. दुसऱ्यांनी विचारलं, ‘बजेट किती?’ मी खरा आकडा सांगितला. त्यानंतर बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं आणि मग तेही थांबलं. हसताना टाइप करता येत नसावं.

काकांचं म्हणणं, एवढं काय अवघड आहे, ‘पा’मध्ये अमिताभला नाही का केलं! २००९ च्या त्या सिनेमातल्या मेकअपसाठी क्रिश्चन टिन्सली आणि डॉमिनी टिल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दोघंही परदेशातून आणलेले. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग त्यांनाच विचार की.’

शेवटी एक बाई भेटल्या. मढच्या शूटिंगला भल्या पहाटे कुणाला तरी जखमा चिकटवत असतात. त्यांनी सरळ सांगितलं, ‘मार्गदर्शन वगैरे लिहू नकोस. केलेलं काम दाखव आणि एकच प्रश्न विचार.’ मी फोटो पाठवला आणि विचारलं, नकली कातडीसाठी साच्यात ओतलेलं प्लॅटिनम सिलिकॉन दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतंय, का? मिनिटभरात उत्तर. ‘साच्याला मूर्तीची माती राहिलीय, तिच्यात गंधक असेल. आणि हातमोजे लेटेक्सचे घातलेस ना? नायट्राइलचे घे.’ गंधकाचा किंवा लेटेक्सचा नुसता स्पर्श झाला तरी हे सिलिकॉन जमत नाही. सोवळ्यातली पणजीच. फरक इतकाच, की पणजी पुन्हा आंघोळ करायची. हे थेट कचऱ्यात जातं, आणि किलोच्या भावाने जातं.

म्हणून स्वस्तातला उपाय विचारला. दुसऱ्या एका तज्ज्ञांनी व्हॉइस नोट पाठवली. मागे जनरेटर घरघरत होता, मधेच ते कुणाला तरी ‘रक्त पातळ कर’ म्हणून ओरडत होते. त्यातून कळलं ते असं: जिलेटीन घे, ग्लिसरीन घाल, गरम करून साच्यात ओत, बिघडलं तर वितळवून परत ओत. उत्तम. पण माझा म्हातारा पडला जैन. त्याने पातेल्यात वाकून विचारलं, ‘आ शेमांथी बने छे?’ प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून, असं मी शक्य तितकं हळू सांगितलं. तो पातेल्यापासूनच नव्हे, घरापासून लांब झाला. आत्या म्हणाली, ‘अरे, चायना ग्रास घाल की, मी पुडिंगला घालते.’ घालून पाहिलं. गाल दिसायला सुरेख झाला, पण तो ‘बरोबर छे’ म्हणाला आणि गालाचे दोन तुकडे मांडीवर पडले.

तिसऱ्यांचा सल्ला फोम लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या फेसाचा. मिक्सरवर फेटायचं, ओव्हनमध्ये काही तास भाजायचं, आणि एकदा वापरलेल्या त्या ओव्हनमध्ये पुन्हा खायचं काही करायचं नाही. नानकटाईचा घाणा चालू होता. आईने फक्त मान वर करून पाहिलं. तो विषय तिथेच मिटला.

परत बाईंकडे. ‘सगळा चेहरा करायला सांगितलंय कुणी?’ त्या म्हणाल्या. ‘नाक, डोळ्यांखालच्या पिशव्या आणि कान कर. तेवढंच सिलिकॉन घे. कडा कागदाहून पातळ ठेव, जाड कड कॅमेऱ्यात ओरडते. आणि खरे म्हातारे बघ.’ काकांनी कमाटीबागेतल्या म्युझियमचं नाव सुचवलं. तिथे इजिप्तची ममी आहे. मी त्याच बागेत, पण बाकांवरचे आजोबा बघायला गेलो. वयाबरोबर कानाची पाळी लोंबते, तिच्यावर एक तिरकी घडी पडते आणि कानातून पांढरे राठ केस डोकावतात. एका आजोबांचा कान मी इतका निरखला, की ते काठी सावरत म्हणाले, ‘काय हवंय? मशीन घरी ठेवलंय.’

चेहऱ्याचा छाप घ्यायला अल्जिनेट लागतं, पाण्यात कालवली की घट्ट होणारी पूड. मुंबईकर म्हणाले ऑनलाइन मागव, पण घरापासून चार दुकानं सोडून आमच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, आणि ते रोज हेच अल्जिनेट लोकांच्या तोंडात कोंबतात. डॉक्टरांनी पुडी दिली आणि बजावलं, ‘टाकीचं पाणी घेऊ नको, तापलेलं असतं. पाणी जितकं गरम, तितकं हे लवकर धरतं. फ्रिजमधलं घे.’ सगळ्या तज्ज्ञांत एवढं एकच वाक्य बडोद्याला धरून होतं. गार पाणी, भुवयांना व्हॅसलीन, नाकपुड्या मोकळ्या ठेवायला एक मैत्रीण नेमलेली. म्हातारा बोटांनी खुणा करत होता: एक बोट म्हणजे ठीक, दोन म्हणजे घाबरलोय. पूर्ण वेळ दोनच बोटं वर होती.

सादरीकरणाला म्हातारा जमला. बाईंना फोटो गेला, त्यावर ‘कान छान’ एवढं आलं, मी ते काकांना दोनदा वाचून दाखवलं. सर पुण्याहून परतले होते. त्यांनी लांबून, जवळून, चष्मा काढून पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. म्हातारा ओळखीचं हसला आणि ते पुढे झुकले.

‘बाकी झकास आहे रे,’ म्हणाले, ‘पण ऐंशीच्या माणसाला बत्तीसच्या बत्तीस? आणि इतके सरळ? मीच दोन वर्षं तारा लावून केलेत ते.’