दाखल केलं त्या दिवशीचं वजन किती?

आत्याने पदर सावरायला हात वर केला आणि पाटली थेट कोपरापर्यंत घसरली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिला वृद्धाश्रमात ठेवून दोन महिने झाले होते.

ऑफिसात फाइल मागितली. आधारची झेरॉक्स, डिपॉझिटची पावती, बीपी, शुगर, गोळ्यांची यादी, सगळं होतं. वजनाचा रकाना कोरा. दाखल करण्याच्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी केलेलं वजन घरच्या कागदांत सापडलं, ५४ किलो. फाइल पाहिली त्याच दिवशी काट्यावर उभी केली तर साडेएकोणपन्नास.

मला राग आला तो आधी स्वतःचाच. दर रविवारी जात होते, "जेवतेस ना गं?" विचारत होते आणि ती "हो" म्हणत होती. वाढणाऱ्या मावशीही म्हणाल्या, आजींचं ताट रिकामं असतं. खरंच असायचं, कारण पोळी शेजारच्या आजींकडे जायची. आत्याची कवळी सैल झाली होती. वजन उतरतं तशा हिरड्याही बसतात, कवळी आणखी हलते, मग चावणं आणखी कमी. जन्मभर दुधात भाकरी कुस्करून खाल्लेली बाई, वातड पोळी कशी चावणार? त्यात रात्रीचं जेवण साडेसहाला. घरी ती नऊला जेवायची.

अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांमध्ये महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ती गंभीर बाब धरतात. ५४ किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे पावणेतीन किलोसुद्धा नाही. साडीत ते दिसतही नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी वजन आणि पुढे महिनाभर दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी, हे व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहा. आणि पायावर सूज असेल तर काट्यावर विसंबू नका, अंगातलं पाणी उतरलेलं वजन झाकून टाकतं.

माणसं कमी आहेत, मावश्यांवर कामाचा डोंगर आहे, हे मी पाहते. पण वजनाला दोन मिनिटं लागतात.

आता आत्याला मऊ भात, घट्ट वरण, संध्याकाळी अंडं आणि झोपताना दूध-भाकरी मिळते. कवळी नवीन केली. काल ५१ किलो भरली.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल, तर या रविवारी फळं नेताना ऑफिसात वजनाची नोंद मागा. नसेल तर तिथेच उभं राहून करून घ्या.