बैल गेला अन् झोपा केला

पोळ्याला ज्याच्या शिंगांना मी माझ्या हाताने बेगड लावली, तो आमचा ढवळ्या दिवाळीच्या तोंडावर रात्री कोठ्यातून सुटला अन् शेजाऱ्याच्या तुरीत शिरला. शेजाऱ्याने काठी उगारली तसा तिथूनही पसार. सकाळी मी तुटकं दावं घेऊन उभा. शोधायला एक माणूस आला नाही. म्हण मात्र ज्याने त्याने घरून आणली.

"बैल गेला अन् झोपा केला!"

पहिल्याने म्हटलं तेव्हा मान खाली घातली. पाचव्याने म्हटलं तेव्हा डोकं सणकलं. "झोपलोच नव्हतो ना बे! रात्री 2 वाजता लाइन आली म्हणून वावरात मोटर चालू कराले गेलो होतो!"

ओसरीत बाजेवर बसलेल्या मोठ्या बाबांनी चुन्याचं बोट धोतराला पुसलं. "झोपा म्हंजे निजणं नोय, लेका. झोपा म्हंजे कवाड. काट्याकुट्याचं, पऱ्हाट्याचं. आहे काय तुह्या कोठ्याले?"

नव्हतं. दोन दगडांवर एक आडवा बांबू होता.

सातवीत मी या म्हणीचा अर्थ 'बैल गेल्याच्या दुःखाने मालकाला झोप लागली' असा लिहिला होता. गुरुजींनी अर्धा मार्क दिला. तो कशाचा, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण म्हणीचं तसंच असतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकताना तरी आत काय घोटलंय ते कोण विचारतं?

'पळसाला पाने तीनच' ही मोठे बाबा सोसायटीच्या कर्जापासून निवडणुकीपर्यंत कुठेही लावतात. कृषीला शिकणारा पुतण्या एकदा म्हणाला, "आबाजी, ते तीन नोय, एकच पान आहे. तीन पर्णिकांचं." आबाजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

'दुष्काळात तेरावा महिना' तर मी स्वतः जेवून आलोय. 2023 ला श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना, जावयाचा मान, म्हणून सासुरवाडीला गेलो. ऑगस्ट लागला अन् पाऊस गडप. सोयाबीनने माना टाकलेल्या, माझा मुक्काम चौथ्या दिवसावर. सासरे माझ्या ताटाकडे पाहून पुटपुटले, "दुष्काळात तेरावा महिना." मला वाटलं, पंचांगाचं बोलताहेत. मी आणखी एक अनारसा घेतला.

असो. दुपारी सरपणातल्या पऱ्हाट्या ओढल्या, मधे बाभळीचे काटे खोवले, सुतळीने आवळत बसलो. बोटं रक्ताळली. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय करून राह्यला, भाऊ?"

आता काय सांगावं? बैल गेला होता अन् मी खरोखरच झोपा करून राह्यलो होतो.

"काही नाही," म्हटलं.

दिवेलागणीला ढवळ्या आपल्या पायाने परत आला अन् झोप्याला बाहेरून शिंगं घासू लागला. मी सुतळी सोडायला गेलो. गाठी अशा बसलेल्या, की एक सुटेना.

ओसरीत मोठे बाबा खाकरले.