व्हिसाचा एक्स-रे क्लिअर म्हणजे टीबी नाहीच? चूक!

यूकेतल्या मराठी ग्रुप्सवर मेसेज फिरतोय की व्हिसाच्या वेळी छातीचा एक्स-रे क्लिअर होता ना, मग मानेत गाठ आली तरी ती टीबीची नसणार, शिवाय टीबी निघालाच तर मोठं बिल येतं. दोन्ही चूक आहे, आणि असल्या मेसेजमुळे लोकं दाखवायला उशीर करतात याचं फार वाईट वाटतं.

तो एक्स-रे फुप्फुसातला टीबी शोधायला असतो, मानेच्या गाठीतला किंवा पोटातला त्यात कसा दिसणार? आणि जंतू भारतात असतानाच शरीरात शिरलेले असू शकतात, वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात नि इथे आल्यावर कधीतरी डोकं वर काढतात. भारतात जन्मलेल्यांमध्ये इथे फुप्फुसाबाहेरचा टीबी बराच आढळतो, त्यात गाठींचा जास्त. खोकला नसतो बऱ्याचदा, म्हणून शंकाच येत नाही.

गाठ जात नसेल, ताप, रात्री घाम, वजन कमी होतंय तर जीपीला (इथला फॅमिली डॉक्टर) स्पष्ट सांगा, मी भारतातून आलोय, टीबी तपासा. सुईने गाठीतलं सँपल घेतात. बिलाचं म्हणाल तर एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) टीबीची तपासणी, औषधं फुकट आहेत, व्हिसा कुठलाही असो. नुसत्या गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, साधारण 6 महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, फक्त कोर्स मधेच सोडू नका प्लीज.