ताप येताच ‘मार्कर’ तपासा, हा सल्ला कुठे चुकतो

कोविडची लागण झाली की दुसऱ्याच दिवशी रक्तातले सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच आणि आयएल-6 हे ‘मार्कर’ (दाह, रक्ताच्या गुठळ्या, पेशींची हानी यांचा अंदाज देणारे घटक) तपासून घ्या, आजार गंभीर होणार की नाही हे आधीच कळते, आकडे वाढलेले असतील तर लगेच स्टेरॉईड सुरू करा आणि नॉर्मल असतील तर निर्धास्त राहा, अशा आशयाचा संदेश 2021 च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी पोहोचला होता. तापाची साथ आली की थोड्याफार फरकाने तो आजही पुढे पाठवला जातो. त्यातला पहिला दावा अर्धा खरा आहे, आणि बाकीचे दावे त्याच्याच आधारावर खपून जातात.

या घटकांचा आणि आजाराच्या तीव्रतेचा संबंध आहे, याबद्दल वाद नाही. सीआरपीचा शोधच मुळी 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लागला. मे 2020 मध्ये वुहानच्या 485 रुग्णांवरून असे मांडण्यात आले की एलडीएच, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि सीआरपी या तिन्हींवरून रुग्ण दगावेल की वाचेल हे सुमारे 10 दिवस आधी, 90 टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता येते. संदेशाचे मूळ अशाच निष्कर्षांत आहे. मात्र ते रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते. आणि नेदरलँड्स, फ्रान्स व न्यूयॉर्क येथील संशोधकांनी तेच सूत्र आपापल्या रुग्णांना लावून पाहिले तेव्हा ती अचूकता टिकली नाही. ब्रिटनमध्ये 35 हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर बेतलेली, मृत्यूचा धोका मोजणारी ‘4सी’ गुणपद्धती अधिक भरवशाची ठरली, पण तिच्या आठ निकषांपैकी रक्तातले फक्त दोनच आहेत: युरिया आणि सीआरपी. एकूण 21 गुणांपैकी सीआरपीला जास्तीत जास्त 2 मिळतात, तर एकट्या वयाला 7. ज्याचे वय नुसते विचारून कळते, त्याच्या दंडातून त्यासाठी रक्त काढावे लागत नाही.

घरी असलेल्या सौम्य रुग्णांना हीच तपासणी लावली तर काय होते, याचा हिशेब मांडून पाहावा. समजा अशा 1000 जणांपैकी 50 जणांचा आजार पुढे बळावणार आहे, आणि तपासणी गंभीर होणारे व न होणारे असे दोन्ही गट 80 टक्के अचूक ओळखते. मग 50 पैकी 40 जण सापडतील, पण उरलेल्या 950 पैकी 190 जणांचा अहवालही विनाकारण वाढलेला येईल. म्हणजे घाबरलेल्या 230 जणांत खरा धोका असलेले जेमतेम 40.

शिवाय वाढलेला प्रत्येक आकडा विषाणूमुळेच वाढलेला असतो असेही नाही. डी-डायमर वयानुसार, गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतर वाढते. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, मधुमेहात आणि यकृताच्या विकारांत चढे असू शकते, तर अंगात लोह कमी असलेल्या बाईचे ते मुळातच उतरलेले असते. एककांचा घोळ तर वेगळाच: डी-डायमरचे 0.5, 250 आणि 500 हे तिन्ही आकडे, लॅब कोणते एकक आणि कोणती पद्धत वापरते त्यानुसार, एकाच पातळीचे असू शकतात. तरीही दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दुपटीने वाढले’ म्हणून लोक हादरलेले आहेत. आयएल-6 या महागड्या तपासणीबद्दल एवढेच सांगणे पुरे, की ज्या टोसिलिझुमॅब या औषधाचे काम आयएल-6 ला अडवणे हे आहे, त्याच्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीतही रुग्णांची निवड आयएल-6 नव्हे, तर ऑक्सिजनची कमतरता आणि 75 किंवा त्याहून अधिक सीआरपी पाहून झाली होती.

संदेशातला सर्वांत घातक भाग स्टेरॉईडचा आहे. याच ब्रिटिश ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे 28 दिवसांतील मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांत मात्र औषध घेणाऱ्यांपैकी 17.8 टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी 14 टक्के दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नसला तरी फायद्याचा मागमूस त्यात नाही. तिथे औषध ठरले ते ऑक्सिजनवरून, फेरिटिनवरून नव्हे. मे 2021 च्या सुरुवातीलाच ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांनी सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करू नयेत, आणि लवकर स्टेरॉईड घेऊ नये, असे जाहीरपणे सांगितले होते. त्याच महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, रुग्ण वाढत होते, आणि अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईड ही त्यामागची मोठी कारणे होती. स्टेरॉईडने आणखी एक गोंधळ होतो: त्याने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे पुढच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, आजार बळावल्यासारखा दिसतो.

राहिला ‘नॉर्मल म्हणजे निर्धास्त’ हा दिलासा. 2020-21 च्या लाटांत धाप लागण्याची वेळ बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर येत असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या कोऱ्या रिपोर्टावरून आठव्या दिवसाबद्दल काही सांगता येत नव्हते. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या काळात सुचवलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणी रोज करता येत होती: चालल्यावर ऑक्सिमीटरवरचा आकडा 93 च्या खाली गेला, आधीपेक्षा 3 हून अधिक घसरला किंवा धाप लागली, तर इस्पितळ गाठायचे. सीआरपी आणि डी-डायमर तिथे दाखल झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा करायचे.