हिरवळीवर चालू नये

एखाद्या सार्वजनिक उद्यानाचा कारभार तुमच्या हाती आला असेल, तर अभिनंदन. आणि त्यासोबत एक धोक्याची सूचना. उद्यानात गवताइतक्याच सहजपणे उगवणारी दुसरी गोष्ट म्हणजे सभा. सभागृहाला भाडे लागते, रस्त्यावर वाहतुकीचा अडथळा होतो, म्हणून ज्यांच्याकडे पैसा नाही पण तक्रार आहे अशी माणसे हटकून तुमच्या झाडांखाली येतात. त्यांना कसे रोखावे, याचे धडे पूर्वीच्या कारभाऱ्यांनी स्वतःची फजिती करून घेऊन आपल्यासाठी मागे ठेवले आहेत.

सर्वांत सभ्य कारण गवताचे. लंडनमध्ये 2003 च्या फेब्रुवारीत इराकयुद्धाविरोधी सभेला हाइड पार्क नाकारताना सुरक्षिततेबरोबरच हिरवळीची काळजी पुढे करण्यात आली होती. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ‘ग्रेट लॉन’ युद्धविरोधकांना मिळाले नाही, तेही गवतापायीच. त्याच हिरवळीवर संगीताच्या मोठमोठ्या मैफली होत असत, हे कोणी निदर्शनास आणून दिल्यास रसिकांची पावले हलकी असतात, असे सांगावे. लंडनच्या कारभाऱ्यांचा मात्र धीर सुटला, त्यांनी परवानगी दिली आणि 15 फेब्रुवारीला, पोलिसांच्याच अंदाजानुसार, साडेसात लाख माणसे मोर्चात उतरली.

गवताने भागले नाही तर फाटक बंद करावे. 23 जुलै 1866 रोजी मताधिकार मागणाऱ्या ‘रिफॉर्म लीग’ची सभा हाइड पार्कमध्ये भरणार होती, तेव्हा गृहमंत्री स्पेन्सर वॉलपोल आणि पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी हाच उपाय केला. लीगचे अध्यक्ष एडमंड बील्स बंद फाटकापाशी आले, त्यांनी प्रवेश मागितला, नकार मिळताच ते सज्जनपणे मोर्चाचा मोठा भाग घेऊन ट्रफाल्गर चौकाकडे वळले. इथपर्यंत सारे पुस्तकात लिहावे तसे पार पडले. मागे राहिलेल्या गर्दीने मात्र लोखंडी कठड्याला रेटा दिला, आणि कठडा हलतो आहे हे एकदा लक्षात आल्यावर तो पाडण्यासाठी कोणत्याही नेत्याची गरज उरली नाही. (कठडा निवडताना तो हलत नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.) मेन दगड लागून जखमी झाले, लष्कर बोलवावे लागले, आणि पुढे लीगच्या शिष्टमंडळासमोर वॉलपोल यांच्या डोळ्यांत पाणी आल्याची वदंता शहरभर पसरली. त्या गोंधळात जळालेल्या एका झाडाचा बुंधा पुढे सभांचे ठिकाण बनला. म्हणजे बंदी घालण्याच्या नादात सरकारने विरोधकांना व्यासपीठही मिळवून दिले.

कायद्याचा आधार घेऊ पाहाल, तर आधी वकिलांना विचारू नये. वॉलपोल यांना सरकारच्याच कायदेपंडितांनी सांगितले होते की, फाटक बंद ठेवता येईल, पण आत शिरलेल्या माणसाला बाहेर काढायचे तर जमिनीवर विनापरवानगी आलेला इसम म्हणून, रीतसर सूचना देऊन, एकेकाला काढावे लागेल. 6 मे 1867 रोजी लीगने सरकारी इशारा धुडकावून पुन्हा त्याच उद्यानात सभा घेतली. लाखाहून अधिक लोक आले. एकेकाला दंडाला धरून बाहेर नेण्याचे काम किती महिने चालले असते, याचा हिशेब कोणी केला असावा, कारण पोलीस आणि सैनिक तयार असूनही जागचे हलले नाहीत. वॉलपोल यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले आणि त्याच ऑगस्टमध्ये मताधिकार वाढवणारा कायदाही झाला.

न्यूयॉर्कची युक्ती अधिक व्यवहारी वाटते. 13 जानेवारी 1874 रोजी टॉम्पकिन्स चौकातील उद्यानात बेकारांची सभा ठरली होती. तिची परवानगी ऐन आदल्या रात्री रद्द करण्यात आली. त्यामुळे सकाळी जमलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेकांना आपण बेकायदा उभे आहोत याची पहिली बातमी पोलिसांच्या दंडुक्यांकडूनच मिळाली. पुढे अमेरिकेतील कामगार चळवळीचे नेते झालेले सॅम्युएल गॉम्पर्स त्या दिवशी एका तळघराच्या पायऱ्यांवर उडी टाकून बचावले. या युक्तीत एकच उणीव आहे: मार खाल्लेली माणसे तो मार विसरत नाहीत.

हे सारे जमत नसेल, तर सभेला एक कोपरा देऊन मोकळे व्हावे. 1872 च्या कायद्याने लंडनच्या राजेशाही उद्यानांत सभेचा हक्क मान्य केला नाही. उद्यानाच्या व्यवस्थापनाला नियम करून परवानगी देण्याची सोय तेवढी ठेवली. हाइड पार्कचा ईशान्य कोपरा वक्त्यांचा कोपरा म्हणून नावारूपाला आला तो असा. त्याच्या जवळच 1783 पर्यंत टायबर्नचा फाशीचा खांब होता. फासावर चढण्यापूर्वी तिथे कैद्याला जमावासमोर बोलू दिले जाई. भाषणाला कोणाचीच हरकत नसे, कारण त्यानंतरच्या कार्यक्रमाची व्यवस्था प्रशासनाकडे होती.